आभाराचा शब्द

ब्युनोस आयर्सला टँगो नाचायची मंडळी जिथे जमतात त्या मैफलीला मिलोंगा म्हणतात. तिथे पहिल्याच रात्री माझ्या हातून जो गुन्हा घडला तो निव्वळ सभ्यपणाचा होता. जुन्या वळणाच्या मिलोंगात बायका एका बाजूला, पुरुष समोर, ‘नाचता का?’ असं तोंडाने विचारायचं नाही. मधल्या फरशीवरून नजर पाठवायची आणि ती पोचली की हलकेच मान हलवायची. हाच काबेसेओ. नको असेल त्याने दुसरीकडे बघावं. कुणी काही विचारलेलंच नसतं, तेव्हा अपमान तरी कुणाचा? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांना ही सोय असती तर किती घरांचे पोहे वाचले असते! एका बाईंनी मान हलवली तसा मी हरखून उठलो, तर माझ्या मागचे पांढऱ्या मिशांचे आजोबाही उठले. ती मान त्यांच्यासाठी होती. उठलोच होतो, म्हणून पाणी पिऊन आलो.

शेवटी माझ्या आईच्या वयाच्या एका बाईंना माझी दया आली. कार्लोस दि सार्लीच्या वाद्यवृंदाचा पहिला टँगो संपला, एकदाही त्यांच्या पायावर पाय पडला नव्हता, आणि मी भरल्या मनाने ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हणालो. त्या थबकल्या, हसल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. टँगोंचा तांदा, म्हणजे सलग वाजणारा गट, साधारण चार गाण्यांचा. ती संपेपर्यंत जोडी मोडायची नसते, आणि मध्येच ‘ग्रासियास’ म्हणणं म्हणजे ‘पुरे झालं’. पंगतीत पहिल्या वरणभातावरच उठून हात धुवावेत, तसं मी केलं होतं.

असाच गुन्हा पूर्वी घरीही घडला होता. हॉस्टेलला निघताना आजी स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू भरत होती. शहाण्यासारखा मी ‘थँक्यू आजी’ म्हणालो. तिचा हात झाकणावरच थांबला. “परका झालास होय रे?” म्हणाली, आणि उरलेले दोन लाडू दाबून बसवले.

पुढच्या आठवड्यात मिलोंगात त्याच बाईंची नजर पुन्हा सापडली. पहिलं गाणं संपल्यावर जिभेवर आलेला शब्द मी गिळला. दुसऱ्यानंतर त्यांनी इंडिया किती लांब म्हणून विचारलं, तिसऱ्यानंतर दोघंही उकाड्यावर बोललो. चौथं संपलं, भलतंच संगीत वाजायला लागलं, फरशी रिकामी होऊ लागली. आता म्हणायला हरकत नव्हती. त्या वाट बघत होत्या. माझ्याच तोंडून शब्द फुटेना.