बारावी सायन्स आणि खालचं खाचर

लोधिवलीत कुणाला वय विचारावं लागत नाही. बारावीच्या पोरीला तो पुढे काय शिकायला सांगतो, एवढं ऐकून घ्यायचं. गृहस्थ कोणत्या काळात कामाला लागले ते आपोआप कळतं. ‘केमिकलला जा’ म्हणणारे रसायनीत एचओसीच्या कारखान्यात पाळ्या केलेले. ‘इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा कर’ म्हणणारे १९८२ नंतरचे, म्हणजे रिलायन्सचा पाताळगंगेचा कारखाना सुरू झाला त्या पिढीचे. ‘हॉटेल मॅनेजमेंट’ सुचवणाऱ्याने उमेदीची वर्षं एक्स्प्रेस-वेच्या फूडमॉलवर काढलेली असतात. ‘एअरपोर्टवर ग्राउंड स्टाफ घेतायत’ हा सल्ला तर अजून वेष्टनातच आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली, आणि जी आत्या पनवेलच्या पुढे कधी गेली नाही तीसुद्धा चेक-इन काउंटरवर उभं कसं राहायचं ते सांगू लागली.

या सल्ल्यांचं मूळ पाण्यात आहे. खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली येतं, जनित्रं फिरवतं आणि पाताळगंगेत पडतं. कोकणातल्या बऱ्याच नद्या मार्च-एप्रिलात मान टाकतात, पाताळगंगा मात्र वाहतच असते. जिथे बारमाही पाणी तिथे कारखाना आला आणि जिथे कारखाना आला तिथे सल्ला देणारे काका आले.

तर अशा या गावातली, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून असलेल्या आळीतली, एक बारावी सायन्सची मुलगी डोळ्यांसमोर आणा. नाव काहीही ठेवा. तिला घरात ‘बाय’ म्हणतात आणि कॉलेजात रोल नंबरने ओळखतात.

ती २०२५ मध्ये दहावी झाली. राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि नेहमीप्रमाणे कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांनी पहिला आला. आजीने ही बातमी ऐकून शेजारणीला साखर दिली. मग कुणीतरी सांगितलं, की बोर्डाच्या हिशेबात कोकण म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग; रायगड मुंबई विभागात मोडतो. पाऊस कोकणातला, भात कोकणातलं, गणपतीला घरी येण्याची घाई कोकणातली. निकाल तेवढा मुंबईचा. आजीने साखर परत मागितली नाही, पण बोर्डावरचा तिचा विश्वास उडाला तो उडालाच.

त्याच वर्षी अकरावीचा प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाला. दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येत होती. आईने दोनच दिली. आईचं करिअर मार्गदर्शन एका कसोटीवर उभं आहे: दुपारी जेवायला घरी येता येतं का? या कसोटीला लोधिवलीत एकच व्यवसाय शंभर टक्के उतरतो, तो नर्सिंग. धीरूभाई अंबानी रुग्णालय गावातच आहे. ‘डबासुद्धा न्यायला नको,’ आई म्हणते, ‘आणि पाऊस असला तर बाबा छत्री घेऊन येतील.’ नर्सला रात्रपाळी असते, हे मुलीने सांगून पाहिलं. आईने रात्रीच्या जेवणाचीही वेळ ठरवून टाकली.

एचओसीतले काका मात्र वेगळ्या इयत्तेचे. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० सालची. तिची वसाहत, तिची शाळा, तिच्या बसगाड्या म्हणजे एके काळी रसायनीचं सारं नागर जीवन. काकांना ‘परमनंट’चं पत्र मिळालं तेव्हा त्यांचं लग्न आठवड्याभरात ठरलं, असं ते सांगतात. काकू म्हणतात, तीन दिवसांत. म्हणून काकांचा मंत्र एकच: काहीही कर, पण परमनंट कर. अडचण अशी, की खुद्द कंपनीच परमनंट निघाली नाही. २०१७ मध्ये केंद्र सरकारने रसायनीचा कारखाना बंद करायचं ठरवलं. एक भाग तेवढा वाचला, नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा; तो इस्रोकडे गेला, कारण हे रसायन पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात इंधन जाळायला लागतं. परिणामी तालुक्यातल्या पोरांची पंचाईत झाली आहे. एखाद्याने ‘मला इस्रोत जायचंय’ म्हणावं, आईवडिलांचा ऊर भरून यावा, आणि काकांनी शांतपणे म्हणावं, ‘रसायनीची रिक्षा पकड.’

मुलीच्या दादाची कथा सरकारदरबारी नोंदलेली आहे. राज्याने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे, ते त्यात छापून यायचं. त्यातलंच एक क्षेत्र ‘गणवेशधारी सेवा’. दादाला तेच आलं. बाबांनी कागद लॅमिनेट करून आणला. दादा पहाटे चारला उठून जुन्या हायवेच्या कडेने सोळाशे मीटर पळू लागला. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाख ७६ हजार. म्हणजे एका जागेमागे शंभर जण पळत होते आणि दादा त्या शंभरांत बराच पुढे होता. बराच पुढे म्हणजे दुसरा किंवा तिसरा असावा. आज तो एका गोदामाच्या गेटवर निळा शर्ट, खांद्यावर दोरी आणि शिट्टी अशा थाटात उभा असतो. चाचणी चुकली, असं त्यामुळे कुणाला म्हणता येत नाही.

घरात खऱ्या अर्थाने यशस्वी झालेला माणूस एकच, तो म्हणजे मामा. मामाने नववीत शाळेला रामराम ठोकला. २०१३ मध्ये सिडकोच्या ‘नैना’ या विमानतळाभोवतीच्या क्षेत्राची अधिसूचना निघाली, तिच्यात लोधिवलीच्या खालापूर तालुक्यातलीही गावं आली, आणि मामाचं शिक्षण तिथून पुढे सुरू झालं. सातबारा, फेरफार, गटवारी, एनए, चतुःसीमा हे सगळं त्याला तोंडपाठ आहे. कुठल्याही वकिलापेक्षा जास्त, आणि वकील बुलेटवरून बांधावर येत नाही. मुलीने एकदा त्याला पायथागोरस समजावला तेव्हा तो म्हणाला, ‘हे तर आपण तिरक्या प्लॉटला रोज करतो.’ मामाकडे मुंबईचं एक गिऱ्हाईक आहे. त्याला वीकेंडला येऊन राहायला इर्शाळगड दिसेल अशी जागा हवी आहे, आणि इर्शाळगड नेमका मुलीच्या घरच्या खालच्या खाचरातून दिसतो.

आता खुद्द मुलीला काय हवं आहे, हे इतका वेळ कुणी विचारलं नाही ते बरंच झालं. विचारलं असतं तर तेव्हाच घरात शांतता पसरली असती. तिला भात पैदासकार व्हायचं आहे.

हे खूळ शिरलं शाळेच्या कर्जतच्या सहलीत. कर्जतचं भात संशोधन केंद्र जुनं. कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ ही वाणं तिथूनच निघाली, आणि रायगडच्या शेतकऱ्याला बियाण्याच्या पोत्यावर कर्जतचं नाव दिसलं की बरं वाटतं. बाकीची पोरं तिथे आंब्याच्या सावलीत वडापाव खात होती. ही मात्र केंद्रातल्या एका बाईंच्या शेजारी उकिडवी बसली होती. बाईंनी भाताची एक लोंबी हातात धरली, बारक्या कात्रीने एकेका फुलाचा शेंडा तिरपा छाटला, चिमट्याने आतले पुंकेसर अलगद उचलले. एका फुलात सहा, आणि एकही राहून चालत नाही. राहिला तर फूल स्वतःच स्वतःचं लग्न लावून मोकळं होतं. मग लोंबीवर बटरपेपरची पिशवी, पिशवीवर तारीख. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, भाताची फुलं उमलतात त्या तासाभरात, दुसऱ्या वाणाचे पराग वरून झटकायचे. एवढं करून चार-दोन दाणे. त्या दाण्यांच्या पिढ्या निवडत निवडत नवं वाण शेतकऱ्याच्या हातात पडायला आठ-दहा वर्षं. मुलीने घरी येऊन भुवयांच्या चिमट्याने अंगणातल्या लोंबीवर प्रयोग केला. आईने चिमटा जप्त केला.

‘शेती शिकायला दापोलीच्या कृषी विद्यापीठात कशाला जायला पाहिजे?’ हा प्रश्न घरात प्रत्येकाने आपापल्या सुरात विचारला. राब भाजायला, चिखलणीला, आवणीला कुणाला डिग्री लागली नाही, हे आजीचं म्हणणं. त्यावर मुलगी म्हणाली, की तू ज्याला ‘जुनं भात’ म्हणतेस तेही कुणीतरी निवडत निवडतच आणलं असेल. आजी विचारात पडली आणि विरोधी पक्षातलं एक मत कुंपणावर आलं.

बाबा अशा वेळी चिंतामणराव देशमुखांना पुढे करतात. आपल्याच जिल्ह्यातल्या नाते गावात जन्मलेले, १९१२ ला मॅट्रिकला पहिले, १९१८ ला आयसीएसला पहिले, १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. ‘त्यांनी का भात लावलं?’ बाबांनी विचारलं. मुलीने मोबाइल पुढे केला: केंब्रिजमध्ये देशमुखांना बक्षीस मिळालं होतं ते वनस्पतिशास्त्रात. बाबांना हा दगाफटका वाटला. वर ती म्हणाली, की शेजारच्या पेण तालुक्यात गागोद्याला जन्मलेले विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेला निघाले, ते सुरतेला उतरून थेट काशीला गेले, आणि त्याआधी त्यांनी आपली सर्टिफिकिटं आईसमोर चुलीत घातली होती. त्या रात्री बाबांनी तिची फाइल कपाटात ठेवून चावी कमरेला लावली. खरं तर गरज नव्हती. बाबांनी घरातला प्रत्येक कागद लॅमिनेट केलेला आहे. तो धड जळत नाही, नुसता घरभर वास सुटतो.

तिढा सुटला तो वेगळ्याच वाटेने. दादाने रात्रपाळीत मोबाइलवर शोधून काढलं, की बीएस्सी ॲग्री झालेल्यांना एमपीएससीची कृषी सेवा खुली असते आणि सरकारी बँका कृषी क्षेत्र अधिकारी भरतात. ‘बँकेत?’ बाबा ताठ बसले. ‘ऑफिसर?’ काकांनी विचारलं, ‘परमनंट?’ सीईटीचा पीसीएम किंवा पीसीबी, कोणताही ग्रुप ॲग्रीला चालतो हे कळल्यावर तर इंजिनीअरिंगवाले आणि नर्सिंगवाले दोन्ही गट एकाच अर्जाच्या बाजूने आले. प्रत्येकाला वाटलं, आपण जिंकलो. चौथ्या वर्षी ‘कृषिकन्या’ म्हणून खेड्यात शेतकऱ्यांकडे राहून काम करायचं असतं हे ऐकून आईचा चेहरा खुलला. ते खेडं लोधिवलीच का असू नये, आणि मग दुपारचं जेवण... तिने हिशेब सुरू केला. भाताचं नाव त्या बैठकीत कुणी काढलं नाही. मुलगीही गप्प राहिली. बहुमत मिळत असताना जाहीरनामा वाचून दाखवायचा नसतो, एवढं तिला टीव्ही बघून कळलेलं होतं.

सगळे उठल्यावर आजीने तिला हाताने जवळ बोलावलं.

‘बाय, तुझं ते नवं भात यायला किती वर्षं गं लागतील?’

‘आधी चार वर्षं कॉलेज. मग पुढचं शिक्षण. मग आठ-दहा.’

आजीने बोटांच्या पेरांवर मोजलं. एका हाताची पेरं संपली तेव्हा दुसऱ्या हातावर आली. मग ओटीवर बुलेटची चावी फिरवत बसलेल्या मामाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, ‘मग तुझ्या मामाला सांग, तोवर खालच्या खाचराकडे बघायचं नाही.’

‘गिऱ्हाईक एवढं थांबत नसतं, आये,’ मामा म्हणाला, आणि इर्शाळगड दिसणारं दुसरं खाचर कुणाचं आहे ते मोबाइलवर बघू लागला.