‘एस’ची उडी

इंग्रजी शिकायला बसलेला मराठी माणूस सर्वांत आधी स्वतःला ‘ढ’ ठरवून मोकळा होतो. ‘आपलं ग्रामर कच्चं’ हे तो अशा थाटात सांगतो, जणू मराठी बिनव्याकरणाची आहे. वास्तविक ‘त्याने पोळी खाल्ली, लाडू खाल्ला, केळं खाल्लं’ हे ज्याच्या तोंडून न अडखळता निघतं, त्याने व्याकरणाला भ्यावं हेच नवल. इंग्रजीत काहीही खा, ‘एट’ ते ‘एट’च. आपल्याकडे मात्र पानात काय वाढलंय ते बघून क्रियापदाला लिंग बदलावं लागतं. परक्या शब्दांनाही आपण सोडलेलं नाही. बस आली, ट्रक आला, तिकीट काढलं. ही लिंगं ठरवायला कुठली समिती बसली नव्हती. कंडक्टरपासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांनी ती परस्पर ठरवून टाकली. तेव्हा शब्दांचीही रड नको. चार्जर, पार्सल, सिलिंडर, अपॉइंटमेंट. नवशिक्याच्या घरात माल भरपूर पडलेला आहे.

घोडं अडतं ते वाक्य जुळवताना. ‘ही बस स्वारगेटला जाते’ याच्या शेवटी ‘का’ लावला की आपला प्रश्न तयार. इंग्रजीत त्यासाठी ‘डू’ नावाचा, तिथे स्वतःचा काहीही अर्थ नसलेला मध्यस्थ तोंडाशी उभा करावा लागतो. तो आला रे आला की ‘गोज’च्या शेपटीचा ‘एस’ टुणकन उडी मारून त्याच्या गळ्यात पडतो : ‘डझ धिस बस गो टू स्वारगेट?’ भूतकाळातही तीच तऱ्हा. ‘डिड’ दिसताच ‘वेंट’ बिचारं पुन्हा ‘गो’ होतं. महिनाभर फक्त या उडीचा सराव करावा. पण आपली पुस्तकं रामाला बाराही काळांत आंबा खायला बसवतात. पूर्ण चालू भविष्यकाळात आंबा खात राहिलेला राम कुणाला भेटलाय? तोवर बस स्वारगेटला जाऊन डेपोत लागलेली असते.

यावर कुणी म्हणेल, मराठी जन्मापासून कानावर पडते, इंग्रजी कुठे पडते? अगदी कबूल. पण मग इलाजही त्यातच आला. कर्मणी प्रयोग शाळेत नावानिशी भेटतो, त्याआधी कितीतरी वर्षं आपण तो बिनचूक वापरत असतो. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. मात्र भरलेल्या वर्गात एका तासात प्रत्येक पोराच्या वाट्याला एखादं वाक्य आलं तरी नशीब. म्हणून मोठ्या वयाच्या नवशिक्याने सरळ घरच्या भिंतीला विचारावं, कुकरला विचारावं, पण मोठ्याने विचारावं.

लोक हसतात, ही दुसरी तक्रार. हसतात खरे, आणि बहुधा आपलेच. ‘ही गो’ म्हटल्याने अर्थाचं काडीचंही बिघडत नाही, बिघडतो तो ऐकणाऱ्याचा चेहरा. पण या हसण्याला भिऊन गप्प बसणारा हाच गृहस्थ रिक्षावाल्याशी ‘मेरेको उधर उतरनेका है’ असं बेधडक बोलतो. त्या हिंदीत लिंग, वचन आणि प्रत्यय यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, तरी रिक्षा बरोबर गल्लीच्या तोंडाशी थांबते. आणि सुट्ट्यांवरून वाद झालाच, तर तोही हा गडी त्याच हिंदीत जिंकतो.