प्रत्यक्षदर्शी नाही, सबब माकड निर्दोष

चार्ल्स डार्विनविरुद्धची आपल्या देशातली सर्वांत गाजलेली तक्रार महाराष्ट्राच्या हद्दीत नोंदवली गेली, याचा आपल्याला रास्त अभिमान हवा. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) वैदिक संमेलन भरलं होतं. तिथे आलेले केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे. का? तर माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कोणी लेखी सांगितलेलं नाही, तोंडीही नाही.

सिंहसाहेब पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते, हे आठवलं की सगळा उलगडा होतो. हा धर्ममार्तंडाचा आक्षेप नव्हेच, तपास अधिकाऱ्याचा आहे. घटना : माणूस होणे. वेळ : साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीपासून पुढे. ठिकाण : आफ्रिका, म्हणजे हद्दीबाहेर. प्रत्यक्षदर्शी : नाही. पंच : मिळून आले नाहीत. अशा कागदांवर कोणताही ठाणेदार ‘ब समरी’ पाठवून मोकळा होईल. तक्रारच खोटी!

अडचण एवढीच, की प्रत्यक्षदर्शी नसतानाही माणसं जन्मठेपेला जातात. बोटाचा ठसा, रक्ताचा डाग, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी, एवढ्यावर भागतं. पोर कोणाचं, या वादात कोर्ट डीएनए चाचणी मागवतं आणि अहवाल आला की भलेभले बाप मान खाली घालतात. तोच डीएनए चिंपांझीला आपला चुलतभाऊ म्हणाला, की प्रयोगशाळाच संशयित. चिंपांझीत गुणसूत्रांच्या 24 जोड्या, आपल्यात 23. मग एक जोडी गेली कुठे? मुद्देमाल आपल्याच अंगावर सापडला. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र म्हणजे दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक लावून झालेलं एक आहे, आणि सांध्यावर त्या टोकांचे अवशेष अजून दिसतात. दोन गाड्यांचे सांगाडे वेल्डिंग करून एक गाडी केली, तर साधा हवालदारही नुसता हात फिरवून ओळखतो. इथे वेल्डिंग स्पष्ट दिसतंय. फक्त गाडी आपली आहे.

अमेरिकेत हे भांडण सरळ होतं. 1925 मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकाला 100 डॉलर दंड झाला. बायबल एका बाजूला, डार्विन दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी आपणच. जानेवारी 2019 मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी जाहीर केलं, की डार्विनपेक्षा आपले दशावतार सरस. म्हणजे सिद्धांत चुकीचा आहे, आणि तो मुळात आमचा आहे! त्याच वर्षी जुलैत सिंहसाहेबांनी लोकसभेत सांगितलं, की आपण ऋषींची संतानं. स्वतःला माकडाची संतानं मानणाऱ्यांच्या भावना मात्र त्यांना दुखवायच्या नव्हत्या. वेशीवरच्या मारुतीच्या भावनांचं काय, ते इतिवृत्तात नसावं.

खरी गोम माकडात नाहीच. डार्विन माकडाला बाप म्हणत नाही. दोघांचा पूर्वज एक, एवढंच म्हणतो. पण एकदा ‘पूर्वज एक’ म्हटलं, की ज्याच्या घरचं पाणी आपल्या आजोबांनी घेतलं नाही, तोही भाऊबंदच निघतो. वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात जात, पोटजात, गोत्र असे रकाने असतात. सगळी मनुष्यजात एकाच कुळातली ठरली तर प्रत्येक लग्न सगोत्र, आणि मंडळाला कुलूप! लाखो वर्षांचा चिंपांझी पचेल हो, शेजारच्या आळीतला व्याही कसा पचणार?

तरी डार्विनचं एक भावंड आपण प्रेमानं सांभाळलंय. ‘बळी तो कान पिळी’ला शास्त्राचा शर्ट चढवणारा हर्बर्ट स्पेन्सर. आगरकरांनी तो वाचून समाजसुधारणा मागितली. आपण न वाचता स्पर्धेचे क्लासेस काढले.

सिंहसाहेबांच्या औरंगाबादच्या भाषणानंतर देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्रित निषेध केला. खात्याचे मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनी अशी विधानं टाळा म्हणून समज दिली. प्रकरण मिटलं, असं भोळ्यांना वाटलं. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातली उत्क्रांती गळली, आनुवंशिकता राहिली. वडिलोपार्जित ते ठेवायचं, बदल तेवढा काढायचा. कारण काय, तर मुलांवरचं ओझं. 2023 मध्ये 1800 हून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, असं उत्तर मिळालं. म्हणजे दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलानं स्वतःला खुशाल ऋषिपुत्र समजावं.

आपल्या राज्य मंडळानं मात्र त्याच 2018 साली काढलेल्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ ठेवला. त्यात आंत्रपुच्छ, अक्कलदाढ आणि माकडहाड यांची रीतसर नोंद आहे. घरात दहावीचं पोर असेल, तर पालकांनी तो धडा या रविवारी वाचून घ्यावा. ओझं कधी हलकं होईल, सांगता येत नाही.