टेपसेन

गाणाऱ्याला तानसेन म्हणतात, ऐकणाऱ्याला कानसेन. या दोघांच्या मध्ये, खरं तर दोघांच्या वाटेत, एक तिसरा सेन ठाण मांडून बसलेला असतो. तो गात नाही. ऐकतो, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. त्याच्याकडे ‘आहे’.

नवी मुंबईत या जातीची वस्ती बरीच दाट आहे. गिरगाव-दादरच्या दहा बाय बाराच्या खोलीत माणसं आणि टेपांचे स्पूल दोन्ही मावेनात, तेव्हा घरच्यांनी निर्वाणीचं सांगितलं. काहींनी स्पूल विकले. उरलेल्यांनी खाडीपलीकडे सिडकोच्या वसाहतीत एक खोली जास्त असलेलं घर घेतलं. नेरूळच्या आमच्या टेपसेनांचं बिऱ्हाड वाशीच्या पुलावरून आलं, तेव्हा टेंपोत ड्रायव्हरशेजारी ते रेकॉर्डींची पेटी मांडीवर घेऊन बसले होते आणि काकू मागे, दोन कपाटांच्या मधे. हे काकूच सांगतात, आणि पोहे वाढताना सांगतात.

हिशेब एकच चुकला. खाडीची दमट हवा टेपेला सोसत नाही, बुरशी धरते. म्हणून त्या जास्तीच्या खोलीत एसी आहे. झोपायच्या खोलीत पंखा.

रविवारी सकाळी दहाला आम्ही चारपाच जण तिथं जमतो. पोहे बाहेर खायचे, हात धुऊन, पुसून, वाळवून आत यायचं. मग अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी लागते. तबकडी साडेतीन मिनिटांची आणि प्रास्ताविक पंचवीस मिनिटांचं. त्यात लेबलाचा रंग येतो, चोरबाजारातली घासाघीस येते, दुकानदाराला आपल्या हाताखाली काय पडलंय याचा पत्ता नव्हता हे दोनदा येतं. शेवटी सुई टेकते. ‘आता ऐका हं... आता निषाद येईल... आला आला... गेला! ऐकलात?’ आम्ही माना डोलावतो. त्यांचा आवाज आम्ही स्पष्ट ऐकलेला असतो.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानची ध्वनिमुद्रणं झाली. गाणं संपता संपता ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगे. तबकड्या छापायला जर्मनीला जात, तिथल्या कारागिराला गाणं कुणाचं ते कळावं म्हणून. आमच्या टेपसेनांचंही प्रत्येक वाक्य तसंच संपतं. अमीर खाँचा मारवा? ‘माझ्याकडे आहे.’ मोगूबाई? ‘आहेत.’ शेजारच्यांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, तरी ते सवयीनं ‘माझ्याकडे आहे’ म्हणून गेले होते.

यांचा खरा जीव मात्र विकतच्या तबकड्यांत नाही, घरी भरलेल्या टेपांत आहे. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. शनिवारी रात्री साडेनऊला रेडिओपुढे माइक धरून ही मंडळी श्वास रोखून बसत. त्यामुळे त्या टेपांत गायक आणि साथीदार यांच्याखेरीज कुकर आहे, दारावरची थाप आहे, आणि एका दरबारीत, आलाप ऐन रंगात आलेला असताना, तान्ह्या बाळाचं रडणं आहे. ते बाळ आता अमेरिकेत असतं आणि त्याचे स्वतःचे केस पिकलेत. ती जागा आली की काकू दारात येऊन उभ्या राहतात. ‘बघा, तेव्हाही तुम्ही उठला नव्हतात.’ टेपसेन बोट ओठांवर ठेवतात. पुढं मंद्रातला धैवत असतो.

नव्वद मिनिटांच्या कॅसेटनं तर या पिढीला घडवलं. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. विलंबित चढत चढत तार षड्जाच्या उंबऱ्यावर आला, की खटका. बाजू उलटून बटण दाबेपर्यंत षड्ज लागून गेलेला, टाळ्यांचं शेपूट तेवढं हाती. त्या हरवलेल्या अर्ध्या मिनिटाबद्दल टेपसेन चाळीस वर्षं बोलू शकतो. हाती लागलेल्या पंचेचाळीस मिनिटांबद्दल त्याला फारसं काही म्हणायचं नसतं.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. तुम्हाआम्हाला त्याचा अभिमान वाटतो. आमचे टेपसेन हळहळतात. प्रत इतक्या लांब गेली आणि बदल्यात काहीच आलं नाही! मग स्वतःची समजूत घालतात: ‘एक आहे, तिकडे दमट हवा नाही.’

जयपूर घराण्याचे मूळपुरुष अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले, आणि त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण मागे राहिलेलं नाही. हे प्रत्येक टेपसेनाला पाठ आहे. आणि ज्याच्याकडे ते आहे असा एक माणूसही प्रत्येकाला माहीत आहे. तो कधी कोल्हापूरला असतो, कधी बेळगावला. बहुतेक वेळा तो नुकताच वारलेला असतो आणि मुलं फोन उचलत नाहीत.

आमच्या बैठकीला पूर्वी सानपाड्याचे एक टेपसेन येत. दोघांचं फाटलं ते वेगावरून. जुन्या सगळ्याच तबकड्या मिनिटाला मोजून ७८ फेऱ्यांच्या नसत, आणि ७८ ऐवजी ८२ फेरे दिले तर काळी एकचा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. नेरूळ म्हणे अब्दुल करीम खाँसाहेब पळताहेत, सानपाडा म्हणे तुम्ही त्यांना झोपवलंत. हार्बर लाइनवर दोघांत एकच स्टेशन आहे. बोलणं नाही.

या भांडणात नुकसान माझं झालं. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या एका खाजगी बैठकीतला बिहागडा मी नेरूळकडे मागितला. ‘देतो की. तुमच्याकडे काय आहे?’ माझ्याकडे काही नव्हतं. आठ महिने पोह्यांची तारीफ केल्यावर पेन ड्राइव्ह मिळाला. ऐकतो तर शेवटची तीन मिनिटं गायब. विचारलं, तर शांतपणे म्हणाले, ‘पूर्ण कुणाला द्यायचं नसतं. उद्या कुठं बिनशेवटाची प्रत सापडली, तर ती माझ्याकडून गेली हे मला कळायला नको?’ सानपाड्याचं शास्त्र उलटं: ते सुरुवात कापतात. तो बिहागडा दोघांकडे आहे. दोन्ही प्रती जोडल्या तर राग पुरा होईल. पण जोडणार कोण?

तेव्हा वाशी ते बेलापूर कुणाकडे त्या बिहागड्याची अखेर असेल, तर जरूर कळवा. आता बदल्यात द्यायला माझ्याकडेही थोडंफार आहे. माझ्या प्रतींत मधली दोन मिनिटं नसतात, हे आधीच सांगून ठेवतो.