पहिल्या धारेचं गणित

जबलपूरहून शहपुरा-डिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचं गाव लागतं. हिरन नदी इथे उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते, एवढ्यावर भूगोलाचं पुस्तक त्याचा निरोप घेतं. 1956 पर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच राज्यात नांदत होते, तेव्हा आपल्याला तो अगदीच परका नाही. भाग गोंडांचा. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो, तो वेचून वाळवतात, आणि त्यातला काही हिस्सा यथावकाश पाण्यात भिजून आंबतो. या आंबवणाला विदर्भातले पोलीस पंचनाम्यात ‘मोहसडवा’ म्हणतात, मध्य प्रदेशातले ‘लाहन’ म्हणतात. नष्ट मात्र दोघेही सारख्याच उत्साहाने करतात. केमिकल इंजिनिअरिंगच्या दृष्टीने हा शुद्ध अपव्यय आहे. त्या मडक्यात पाणी आहे, इथेनॉल आहे, थोडं मिथेनॉल आहे, असेटाल्डिहाइड, इथाइल असिटेट, प्रोपेनॉल आणि आयसोअमाइल अल्कोहोल आहे. म्हणजे बहुघटकी ऊर्ध्वपातनाचं आख्खं प्रकरण चुलीवर चढलेलं आहे, आणि पाठ्यपुस्तक मात्र पहिली शंभर पानं जगात बेंझीन आणि टोल्युइन या दोघांखेरीज कुणीच राहत नाही अशा समजुतीत असतं. दोघांचा संसार सोपा असतो. मॅकेब आणि थीले यांनी 1925 मध्ये दाखवून दिलं की अशा जोडीसाठी आलेख कागदावर पायऱ्या काढत गेलं की कॉलमला, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्याला, किती तवे लागतील ते मोजता येतं. पेन्सिल टोकदार असली म्हणजे झालं. पुढे ‘बहुघटकी’ हा शब्द आला की निम्मा वर्ग ते प्रकरण ऑप्शनला टाकतो.

माझं म्हणणं असं, की हे गणित बहुतेक वेळा हावेपोटी चुकतं आणि समीकरणं बिचारी फुकट बदनाम होतात. समीकरणं बरीच आहेत, हे खरं. पाच घटक आणि वीस तवे धरले तर प्रत्येक तव्यावर वस्तुमानाची पाच, समतोलाची पाच, बेरजा एक याव्यात म्हणून दोन आणि उष्णतेचं एक, अशी तेरा होतात, एकूण 260. पण ती सगळी प्रामाणिक आहेत, कुणी कुणाला फसवत नाही. फसवतो तो सोडवणारा. कॉलममध्ये काय येतंय, तवे किती, दाब किती, फीड कुठल्या तव्यावर, हे एकदा ठरलं की हातात फक्त दोन गोष्टी उरतात. वर निवलेला द्रव किती परत पाठवायचा (हाच रिफ्लक्स) आणि वरून किती काढायचं, हे ठरवा. किंवा त्याऐवजी एका घटकाचा किती अंश वर जावा आणि दुसऱ्याचा किती खाली, हे ठरवा. तिसरी अट घालायची सोय नाही. विद्यार्थी मात्र वरच्या मालात पाचही घटकांचं प्रमाण आपल्या मर्जीने लिहून मोकळा होतो आणि मग उत्तर जुळत नाही म्हणून पुस्तकाच्या छापखान्यावर संशय घेतो. पुस्तकाने दोन घटकांना ‘लाइट की’ आणि ‘हेवी की’ असा मान दिलेला असतो, तो यासाठीच. हुकूम या दोघांपुरताच चालतो. बाकीचे आपापसात काय ते ठरवतात आणि आपल्याला नंतर कळवतात.

ते कळेपर्यंत करायचं काय? अंदाज. या शास्त्राचा इतिहास म्हणजे अंदाज बांधून तो सभ्यपणे सुधारण्याचा इतिहास आहे. लुईस आणि मॅथेसन यांची 1932 ची रीत घ्या. वरून आणि खालून बाहेर पडणाऱ्या मालात बिनमहत्त्वाचे घटक किती असतील ते मनाने धरायचं, एक हिशोब वरून खाली आणायचा, दुसरा खालून वर न्यायचा, आणि फीडच्या तव्यावर दोघांची गाठ घालून द्यायची. हे थेट पत्रिका जुळवण्यासारखं आहे. फरक इतकाच की तिथे 36 पैकी 18 गुणांवर बँड ठरतो आणि इथे तिसऱ्या दशांशासाठी स्थळ परत जातं. दुसऱ्याच वर्षी थीले आणि गेडेस यांनी सुचवलं की प्रमाणांऐवजी तव्यांची तापमानं धरून चला. हा थीले तोच, पेन्सिलीच्या पायऱ्यांचा. दोन घटकांवर इतका सुबक उपाय काढणाऱ्या माणसालाही तिसरा घटक येताच ‘समजा’ म्हणूनच सुरुवात करावी लागली. फेन्स्के, अंडरवुड आणि गिलिलँड यांची सूत्रं लागोपाठ वापरली की एका बैठकीत उत्तर मिळतं, पण गिलिलँडची मूळ रेघही विखुरलेल्या ठिपक्यांमधून काढलेली आहे. मुळात अखंड चालणारा कॉलम ज्याच्या 1830 च्या पेटंटने जगभर गेला, तो इनिअस कॉफी आयर्लंडमधला अबकारी अधिकारी होता. भट्ट्यांवर छापे घालता घालता माणूस काय काय शिकून घेतो!

आता हरकत येणार, की कुंडमच्या भट्टीचं आणि कॉलमचं नातं काय? मध्य भारतातली गावभट्टी साधारण अशी असते: खाली आंबवणाचं मोठं मडकं, त्यावर बुडाला भोकं असलेलं दुसरं, त्या दुसऱ्याच्या पोटात धार झेलायला एक भांडं, आणि सर्वांत वर थंड पाण्याने भरलेलं पातेलं. सांधे मातीने नाहीतर फडक्याने लिंपलेले. वाफ वर चढते, पातेल्याच्या गार बुडाला लागून तिचे थेंब होतात आणि आतल्या भांड्यात पडतात. वरचं पाणी तापलं की बदलायचं. यात तवे नाहीत, अखंड फीड नाही. हरकत बरोबर आहे. ही एका टप्प्याची, घाण्यागणिक चालणारी भट्टी आहे आणि तिचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1902 मध्येच मांडून ठेवलंय. पण मिश्रण तेच आहे, आणि भट्टी लावणाऱ्या बाईच्या हातातही दोनच गोष्टी आहेत: जाळ किती ठेवायचा आणि धार कुठे तोडायची. पहिल्या धारेची कडक, पुढची नरम, शेवटची निव्वळ पाणचट. मधेच चार थेंब निखाऱ्यावर टाकून ते भडकतात का बघायचं. हाही अंदाज आणि दुरुस्तीच. असेटाल्डिहाइड अमुक टक्के, मिथेनॉल तमुक टक्के अशी पाच अटींची यादी ती मडक्यासमोर वाचून दाखवत नाही, एवढ्या बाबतीत तरी ती तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या पुढे आहे. तिची भट्टी कॉलमपेक्षा चांगलं वेगळं करते, असं मात्र कुणी समजू नये. ती फार वाईट वेगळं करते, आणि चवीचं रहस्य बरंचसं त्यातच आहे.

उरलेले घटक आपापसात ठरवतात म्हणजे काय, ते पाहण्याजोगं आहे. आयसोअमाइल अल्कोहोल 131 अंशांच्या आसपास उकळतं, पाणी शंभरला. साध्या अकलेने हा गृहस्थ तळाशी बसायला हवा. पण त्याचं आणि पाण्याचं पटत नाही. आजूबाजूला पाणी जास्त असलं की तो इथेनॉलच्याही आधी वाफेबरोबर पळ काढतो. वर गेल्यावर भोवती कडक इथेनॉल भेटतं, तिथे त्याचं छान जमतं, धावपळ संपते आणि तो द्रवाबरोबर पुन्हा खाली घरंगळतो. खाली पाणी, की पुन्हा वर. वरचे ठेवून घेत नाहीत, खालचे टिकू देत नाहीत, अशा अवस्थेत तो मधल्या तव्यांवर साचत राहतो आणि वेळेवर बाजूच्या नळीने काढला नाही तर सगळा कॉलम बिघडवतो. फ्युझेल ऑइल म्हणतात त्यातला मुख्य गृहस्थ हाच. मिथेनॉलचंही तसंच, फक्त उलट्या बाजूने. ते 64.7 अंशांना उकळतं, इथेनॉल 78.3 ला, म्हणून पहिली धार फेकली की मिथेनॉल गेलं, असं शिकलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. पातळ सडव्यात त्याची पाण्याशी दोस्ती इथेनॉलपेक्षा घट्ट असते, त्यामुळे ते रेंगाळत, थोडं थोडं सगळ्या धारेतून येतं. ते ओढून काढायचं तर आधी अल्कोहोल कडक करावं लागतं. (2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, ते मिथेनॉल फुलांतून आलेलं नव्हतं, ते कारखान्यातलं होतं.) आणि साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून अतिशुद्ध अल्कोहोल करताना एका कॉलममध्ये चक्क वरून पाणी सोडतात, म्हणजे नको असलेली मंडळी पाण्याला कंटाळून वर निघून जातात. दारू शुद्ध करण्यासाठी दारूत पाणी घालणारा हा जगातला बहुधा एकमेव सन्मान्य धंदा. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, हे ज्याला माहीत आहे त्याला उत्कलनबिंदूंचा तक्ता पाठ करण्याची गरज नाही.

दुसरी हरकत तरुण मंडळींची: हे सगळं आता संगणक करतो, तुम्ही उगाच कसले जुने हिशोब काढता? करतो, आणि झकास करतो. 1971 मध्ये नाफ्ताली आणि सँडहोम यांनी सगळी समीकरणं एकदम न्यूटनच्या रीतीने सोडवायची तजवीज केली, आणि आज 260 काय, हजारो समीकरणं चहा निवेपर्यंत सुटतात. पण न्यूटनच्या रीतीलाही सुरुवात कुठून तरी करावी लागते, आणि ती सुरुवात म्हणजे तव्यांच्या तापमानांचा अंदाज. तो आपण दिला नाही तर सॉफ्टवेअर गुपचूप स्वतः बांधतं आणि हिरव्या अक्षरांत ‘कन्व्हर्ज्ड’ लिहून गप्प बसतं. त्याला नाफ्ताली-सँडहोम येतं, पण कुणाचं कुणाशी पटत नाही हे आपणच सांगावं लागतं. पेट्रोलियमसाठी उत्तम चालणारं पेंग-रॉबिन्सन समीकरण नुसतं तसंच्या तसं दारू-पाण्याला लावलं, तर आयसोअमाइलबुवा निमूटपणे तळाशी बसलेले दिसतात, आकडे चौथ्या दशांशापर्यंत जुळतात आणि ते सगळे चूक असतात. आणि तिसरी अट घातली तर संगणकही नाही म्हणतो. फक्त तो लाल अक्षरांत म्हणतो.

दोनपेक्षा जास्त हौस असेल तर मार्ग एकच, आणखी कॉलम उभे करा. पाच घटक सुटे करायला चार साधे कॉलम लागतात आणि ते 14 प्रकारे मांडता येतात. दहा घटक असले तर नऊ कॉलम आणि 4,862 प्रकार. डिस्टिलरीत एकाशेजारी एक पाच-सात मनोरे दिसतात, ते या हौसेचं मोल आहे. त्यांतून निघणाऱ्या अल्कोहोलला मग ना रंग ना वास. इथे मोहाची खरी पंचाईत सुरू होते. मध्य प्रदेश सरकारने अलीकडे मोहाच्या दारूला वारसा-मद्याचा दर्जा दिला. कुंडमच्या शेजारच्या डिंडोरी जिल्ह्यात बचत गटाच्या बायकांनी ती बाटलीत भरायला घेतली. बाटली म्हटली की मानकं आली, एकेका घटकाची कमाल मर्यादा आली. पण मोहाचा वास ज्या हलक्या मंडळींत असतो, त्यांच्याच आगेमागे असेटाल्डिहाइडही वावरतं. एकाला बाहेर काढायला दार उघडलं की दुसरा पाठोपाठ निसटतो. तेव्हा दोन अटींतली एक वासावर खर्चायची की दोषावर, आणि धार नेमकी कुठे तोडायची, हे ठरवायला सगळी समीकरणं सुटल्यावरही कुणीतरी चाखून पाहावंच लागतं. या पदासाठी अर्ज कमी पडल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.