चोवीस टूथपेस्टींचं कुटुंब

चंदीगडात पत्ता विचारला की आकडा मिळतो. मूळ आराखड्यात तेरा नंबरचा सेक्टर तेवढा नव्हता. २०२० साली मनीमाजऱ्याला तो नंबर देऊन प्रशासनानं तीही बाकी फेडली. अशा गावात राहून आमचा भाचा हिशेबी झाला, यात नवल ते काय?

"मामा, सुखना तलाव उद्या. आज झिरकपूर. घाऊक दुकानाचं कार्ड आहे आपलं."

एकामागून एक गोल चौकांना प्रदक्षिणा घालत आम्ही पंजाबच्या हद्दीत शिरलो आणि एका अवाढव्य शेडपाशी थांबलो. पंजाबला असली दुकानं नवी नाहीत; भारती-वॉलमार्टनं आपलं पहिलं घाऊक दुकान २००९ साली अमृतसरलाच उघडलं होतं. अमेरिकेतल्या कॉस्टकोत वर्षाला ६५ डॉलर भरले की कुठलंही कुटुंब सभासद होतं. आपल्याकडे परदेशी भांडवलाच्या घाऊक दुकानाला घरगुती गिऱ्हाईक चालत नाही. दुकानदार हवा, ढाबेवाला हवा. भाचेसून जेवणाचे डबे पुरवते, म्हणून कार्ड तिचं. आम्ही दोघं हमाल.

तिनं तेलाचा पंधरा किलोचा डबा आणि बासमतीचं पोतं ढकलगाडीवर चढवलं. आठवड्याभरात फस्त होणारा माल! भाच्यानं मात्र चोवीस टूथपेस्टींचं खोकं उचललं.

"डब्यांच्या धंद्यात टूथपेस्ट कशाला रे?"

"नगामागं अकरा रुपये सुटतात, मामा!"

"आणि घरात दात किती जणांना?"

"दोघांना."

घरी आल्यावर पाहुण्यांच्या खोलीत साबणपावडरीची पोती, टिश्यूंची चळत आणि त्यांच्या मधोमध माझी गादी. फुकटच्या कार्डानं वाचवलेले पैसे ठेवायला भाड्याची एक खोली अडली होती.

मी त्याला मुंबई ग्राहक पंचायतीचा इतिहास ऐकवला. १९७५ साली बिंदुमाधव जोशी आणि मंडळींनी ती सुरू केली. शेजारपाजारच्या घरांनी संघ करायचा, महिन्याच्या याद्या एकत्र द्यायच्या, माल एका घरी उतरवायचा आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. भाव घाऊक, पण घरात येतो तो महिन्यापुरताच माल. दोन माणसांच्या घराला घाऊक सभासदत्व परवडत नाही. दहा घरं मिळून घेतील तर उत्तम.

भाच्याला पटेना, भाचेसुनेला तत्क्षणी पटलं. "मामाजी सही कह रहे हैं," म्हणत तिनं खोकं फोडलं आणि जिन्यातल्या प्रत्येक दारात टूथपेस्ट पोचवली. पैसे कोणी दिले नाहीत. पंजाबी शेजारधर्मात ती पद्धत नाही. संध्याकाळी वरच्या मजल्यावरून परतफेड म्हणून गोबी-शलगम-गाजराचं लोणचं आलं.

बरणीभर नव्हे, बादलीभर. ती बादली ठेवायला घरात एकच जागा मोकळी होती: टूथपेस्टींच्या खोक्याची.