बंधित पाणी, मुक्त बिल

ट्रकचं वजन काट्यावर होतं. पाण्याचं वजन मात्र माणूस पाहून ठरतं. जलजीवन मिशनच्या हिशोबात खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पुरतात. शहरी निकष 135 लिटरचा. शहरातल्या माणसाला घाम जास्त येत असावा.

पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीवर धामणी धरण झालं, तेव्हा बोलणं इथल्या आदिवासी शेतीच्या सिंचनाचं होतं. आता मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) योजनेतून रोज 403 दशलक्ष लिटरची सोय दक्षिणेकडे आहे: मिरा-भाईंदरला 218, वसई-विरारला 185. डोंगर फोडून, बोगदे खणून. पाण्याला उतार लागतो म्हणतात. पैसा असला की बोगदाही चालतो.

खेड्याला काय? स्वावलंबन! पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) अनुदानातला 60 टक्के निधी ‘बंधित’ होता. पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. जलजीवनमध्ये आदिवासीबहुल गावाने गावातल्या कामाचा 5 टक्के वाटा उचलायचा, पैसे नसतील तर श्रमदान करायचं. (मिरा रोडच्या सोसायटीतून अजून कुणी घमेलं घेऊन आल्याचं ऐकिवात नाही.) कंत्राटदार निघून गेला की योजना ग्रामपंचायतीच्या गळ्यात. पाणीपट्टी ठरवा, वसूल करा, पंप जळला तर भरवा. आणि वसुली होवो न होवो, पंपाचं वीजबिल कुठल्याही बोगद्याशिवाय, टाकी भरो न भरो, वेळेवर पोचतं.